आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय

जुनं मॉडेल रेल्वेचं इंजिन हातात आलं की मी आधी त्याचे स्क्रू बघतो. रंग, नंबर, ओरिजिनल बॉक्स आहे का नाही, हे सगळं नंतर. स्क्रूच्या डोक्यावरची खाच सरळ आणि स्वच्छ असेल तर ते बहुतेक फॅक्टरीतून निघाल्यापासून कुणी उघडलेलंच नाही. आणि खाचेच्या कडा खाल्लेल्या, चेपलेल्या असतील तर समजायचं की आत कुणीतरी जाऊन आलंय, त्याच्या हातात चुकीच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर होता, कदाचित बटर लावायची सुरीच होती, आणि त्याला घाई होती. बहुतेक वेळा बाजूला एखादं पोरगं उभं असणार, "झालं का, झालं का" करत.

मी इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो. इथे दर महिन्याला कुठे ना कुठे, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या जिममध्ये, टॉय फेअर भरतं, टेबलं मांडलेली असतात आणि टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात "नॉन रनर" असं स्केचपेनने लिहिलेली इंजिनं पडलेली असतात, एकावर एक, चाकं वर करून. टेबलावरच्या चकचकीत मालाकडे मी बघतही नाही, मी थेट वाकतो. १०-१५ पौंडात एखादं मिळतं, कधी त्याहून कमी. बायकोचं म्हणणं आहे की चालत नाही असं स्वतः विकणाराच लिहून देतोय तरी विकत घेणारा माणूस जगात तू एकटाच असशील. तसं नाहीये, आम्ही बरेच जण आहोत, आणि त्या खोक्यापाशी थोडी ढकलाढकलीसुद्धा होते, अर्थात सॉरी सॉरी म्हणत.

माझी आवड म्हणजे ट्राय-अँगची इंजिनं, १९५० आणि ६० च्या दशकातली. थोडक्यात सांगतो. १९५० च्या नाताळात मार्क्स अँड स्पेन्सरसाठी रोव्हेक्स नावाच्या एका छोट्या प्लास्टिक कंपनीने ट्रेन सेट बनवला, त्यात प्रिन्सेस एलिझाबेथ नावाचं इंजिन होतं. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने, ट्राय-अँग हे त्यांचंच ब्रँडचं नाव, रोव्हेक्सच विकत घेतली, आणि १९५४ ला मार्गेट या समुद्रकिनारच्या गावात नवी फॅक्टरी काढली. तिकडे लिव्हरपूलला बिन्स रोडवर मेकॅनो या खेळण्यांच्या कंपनीची हॉर्नबी डब्लो ही मॉडेल रेल्वे १९३८ पासून होती, पण ती धातूची, जड, महाग, तीन रुळांवर चालणारी, म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या पोरांची गाडी. ट्राय-अँग प्लास्टिकची, दोन रुळांची, आणि बसड्रायव्हरच्या पोराला वाढदिवसाला मिळू शकेल अशी. शेवटी झालं असं की १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सनेच मेकॅनो विकत घेतली, आणि मग १९७१ ला लाइन्स ब्रदर्स स्वतःच बुडाली. आज हॉर्नबी नावाने जे विकलं जातं त्याचा वंश खरं तर मार्गेटचा आहे, लिव्हरपूलचा नाही. हे इथल्या म्हाताऱ्यांसमोर बोलू नये, संध्याकाळ तिथेच संपते.

तर ट्राय-अँगमधलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे जिंटी. बुटकं, सहा चाकांचं काळं टँक इंजिन, ४७६०६ नंबरचं. खऱ्या जिंटी १९२४ ते १९३१ मध्ये ४०० च्या वर बनल्या, डिझाइन मूळच्या मिडलंड रेल्वेच्या वळणाचं, म्हणजे आमच्या डर्बीचंच. शंटिंग करणारी, मालाचे डबे इकडून तिकडे ढकलणारी, पोस्टरवर कधी न छापली गेलेली गाडी. आणि खेळण्यातली जिंटी स्वस्त होती म्हणून भरपूर विकली गेली, भरपूर खेळली गेली, म्हणून आज खोक्यात भरपूर मिळते.

आता उघडल्यावर काय दिसतं ते. बॉडी निघाली की खाली जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चासी आणि तिच्यावर आडवी बसलेली मोटर, एक्स-झिरो-फोर. उघडी मोटर आहे, सगळं डोळ्यांना दिसतं: मधे तीन पोलचं आर्मेचर, म्हणजे तारांचं वाइंडिंग असलेला फिरणारा भाग, एका टोकाला लोहचुंबकाचा ठोकळा, कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरला करंट देणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंनी टेकलेले दोन बारके कार्बन, आणि शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, जो खाली ॲक्सलवरच्या गिअरला फिरवतो. ज्याने घरातल्या मिक्सरचे कार्बन एकदा जरी बदललेत त्याला ही मोटर पाच मिनिटांत समजते. मला ती आवडते याचं कारण तिच्यात लपवलेलं काही नाही. हल्लीच्या इंजिनांत मोटर बंद डबीत असते, गेली की टाकायची आणि दुसरी बसवायची. तक्रार नाही माझी, ती जास्त छान आणि हळू चालतात, पण उघडून बघण्यासारखं आत काही नसतं, म्हणजे दुसऱ्या माणसाचं काही नसतं.

कारण खरी गंमत तिथेच आहे. फॅक्टरीने काय बनवलं होतं ते मला माहीत आहे, हजारो एकसारखीच बनवली होती. मधल्या साठ वर्षांत कुणी काय केलं हे मात्र प्रत्येकात वेगळं.

उदाहरण सांगतो. एक्स-झिरो-फोरचे दोन्ही कार्बन एकाच तारेच्या स्प्रिंगने दाबलेले असतात, चिमट्यासारख्या दोन पायांची स्प्रिंग. एक कार्बन मोटरच्या बॉडीला, म्हणजे चासीला, म्हणजे एका बाजूच्या चाकांना जोडलेला, आणि दुसरा वेगळा ठेवायचा असतो, म्हणून स्प्रिंगच्या एका पायावर बारीक इन्सुलेशनची नळी घातलेली असते. काही मिलिमीटरचा तुकडा. तो तुकडा हरवला की थेट शॉर्ट, इंजिन जागचं हलत नाही, कंट्रोलर गरम होतो, आणि माणूस म्हणतो मोटर जळली. "नॉन रनर" खोक्यातल्या बऱ्याच इंजिनांचा आजार एवढाच असतो. कुणीतरी कधीतरी साफ करायला स्प्रिंग काढली, नळी गालिच्यावर पडली, व्हॅक्यूम क्लीनरमध्ये गेली.

एका जिंटीत मला त्या नळीच्या जागी काळ्या रबराचा तुकडा सापडला. नीट कापलेला, दोन्ही टोकं सरळ, मापात. थोडा वेळ बघत बसलो आणि मग ओळखलं, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी! आपल्याकडे वॉलट्यूब म्हणायचो ती, सायकलच्या दुकानात कापून द्यायचे. इथल्याही जुन्या सायकलींना तेच व्हॉल्व्ह होते. म्हणजे कुणीतरी माणूस, कुठल्याशा शेडमध्ये, नळी हरवली म्हणून डोकं न खाजवता पंक्चरच्या डबीत हात घातला आणि काम केलं. रबर कडक झालं होतं, तडे गेले होते, पण अजून काम करत होतं. इंजिन बंद होतं ते भलत्याच कारणाने, तेल वाळून गोंद झाला होता. मी तेल काढलं, रबर तसंच ठेवलं.

मित्र म्हणतात ओरिजिनल पार्ट मिळतो की, पुडीत पाच-सहा नळ्या येतात, किंमत काहीच नाही. माहीत आहे, माझ्याकडे पुडी आहेच. पण त्या माणसाचं काम चांगलं होतं. चांगलं काम मी का काढू?

आता वाईट कामाबद्दल. तेलवाला हा सगळ्यात कॉमन प्राणी. याचा विश्वास असतो की जगात जे काही अडलंय ते तेलाने सुटतं. तो गंज सोडवायचा स्प्रे घेऊन मोटरवर फवारतो, दोन दिवस इंजिन पळतं, हा खूश, आणि मग ते तेल कम्युटेटरवर जातं, कार्बनच्या भुकटीत मिसळतं, काळी पेस्ट होते आणि कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांमधल्या फटींत जाऊन बसते. त्या फटी म्हणजेच इन्सुलेशन, त्या भरल्या की करंट वाइंडिंगमधून जायचं सोडून पेस्टमधूनच जातो. यावर औषध सोपं आहे, टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. फटी टोकरायच्या, पुसायचं, परत टोकरायचं. खरं तर त्या मोटरला दोन्ही टोकांच्या बेअरिंगपाशी नमद्याचे बारके तुकडे दिलेले असतात, त्यांना एकेक थेंब तेल पाजलं की खूप काळ पुरतं. एकेक थेंब. सुईच्या टोकाने.

पॉलिश पेपरवाला त्याच्यापेक्षा डेंजर. कम्युटेटर काळा दिसला की हा रफ पेपर घेऊन घासतो, तांब्यावर खोल चरे पडतात, मग कार्बन झिजतात, मग परत काळं होतं, मग हा परत घासतो. तांबं एकदा गेलं की गेलं. चिकटवणारा तिसरा: निसटलेली बॉडी, तुटलेलं कपलिंग, सैल झालेला गिअर, सगळ्याला एकच एपॉक्सी. असं एक इंजिन माझ्याकडे आहे ज्यात स्क्रू हरवला म्हणून त्याने बॉडी चासीला कायमची चिकटवून टाकली, म्हणजे पुढे कधी उघडावं लागेल ही शक्यताच संपवली. त्याला दुरुस्त करणं जमेना म्हणून नाही, तर पुढे कुणी असेल हा विचारच नाही, याचा मला राग येतो. बाकी चुका मी समजू शकतो, बॉडी चिकटवून टाकणं ही गुर्मी आहे.

आणि काही वेळा फॅक्टरीनेच जोडलेली वस्तू आड येते. टीव्ही घरोघरी आले तेव्हा या मोटरच्या ठिणग्यांनी पडद्यावर खरखर यायची, म्हणून कार्बनजवळ एक छोटा कपॅसिटर बसवायचे. तो जुना होऊन आतून शॉर्ट झाला की इंजिन मेल्यासारखं पडतं. मल्टिमीटर लावून बघायचं, कपॅसिटरचं एक टोक सोडवायचं, आणि इंजिन उठून चालायला लागतं. समोर कुणी बघणारं असेल तर फार भाव मिळतो तेव्हा.

चाकांमागे ॲक्सलला गुंडाळलेला कचरा हा वेगळा विषय आहे, आणि मला त्यात जरा जास्तच रस आहे हे मान्य. ही मुलं गालिच्यावर रूळ मांडून खेळायची, त्यामुळे गालिच्याचे धागे ॲक्सलभोवती घट्ट वळले जातात. चिमट्याने सोडवताना घराचा गालिचा कळतो. बदामी लोकर, बाटलीसारखी हिरवी, आणि ७० च्या दशकातला तो भयंकर नारिंगी नायलॉन. कुत्र्याचे केस. एकदा चमकीच्या कागदाच्या बारीक पट्ट्या, म्हणजे गाडी नाताळच्या झाडाखालून फिरत होती. हे सगळं मी काढून टाकतो बरं का, जपून ठेवत नाही, त्याने ॲक्सल घासतात आणि मोटरवर लोड येतो. पण काढताना बघतो.

आमचे अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. नॅरोगेजची इंजिनं, बार्शी लाइटची. त्यामुळे त्यांना माझा हा उद्योग कळतोही आणि कळत नाहीही. व्हिडिओ कॉलवर मी इंजिन दाखवतो तेव्हा ते आधी चष्मा पुसतात आणि मग विचारतात, "ह्याचं बॉयलर कुठंय?" मी म्हणतो अण्णा, वीज आहे, बॉयलर नुसता दिसायला. "मग ते इंजान कसलं," असं म्हणून फोन आईकडे देतात. पण एकदा त्यांनी मला चितपट केलं. एक जिंटी होती, मोटर उत्तम, करंट बरोबर, चाकं साफ, तरी चालताना दर फेऱ्याला एक झटका. मी दोन-तीन रविवार तिच्या मागे लागलो होतो. अण्णांना कॅमेऱ्यासमोर नुसती चालवून दाखवली तर ते म्हणाले, "आरं, लंगडतंय ते. चाक काढून परत बसवलंया कुणी तरी."

झालं. चूक तीच होती. वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत बसवलेले असतात. कारण असं की एका बाजूचा दांडा जेव्हा सरळ रेषेत येतो, म्हणजे कितीही जोर लावला तरी चाक फिरणार नाही अशा जागी, तेव्हा दुसरी बाजू जोर लावायला तयार असली पाहिजे. नाहीतर गाडी स्टेशनवर नेमकी त्या जागी थांबली तर परत हलणारच नाही. आता सगळी चाकं दांड्याने जोडलेली, म्हणजे प्रत्येक ॲक्सलवर तो कोन तंतोतंत सारखा पाहिजे. माझ्या जिंटीत कुणीतरी मधलं चाक उपसून परत दाबलं होतं आणि ते काही अंश पुढे बसलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, दांड्याला कळत होतं. आणि पुढचा पुरावा नंतर सापडला, त्या माणसाने दांड्याचं भोक कानशीने लांबट केलं होतं, म्हणजे त्यालाही लंगडणं दिसलं होतं, कारण नव्हतं दिसलं. चुकीच्या जागी बरोबर मेहनत. मी चाक फिरवून जागेवर आणलं, दांडा दुसऱ्या भंगार जिंटीचा घातला. अण्णांना परत कॉल केला. त्यांनी बघितलं, "हां," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून "हां" मिळणं म्हणजे काय हे ज्यांचे वडील त्या वर्कशॉपमध्ये होते त्यांनाच कळेल.

इथे थोडं विषयांतर करतो कारण संधी परत मिळणार नाही. डर्बीहून गाडीने जवळच, स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीची दरी आहे, तिथून १९०४ पासून एक नॅरोगेज रेल्वे जायची, लीक अँड मॅनिफोल्ड. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे तोच, ज्याने १८९७ ला बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. गेज तेच, अडीच फूट. तिची इंजिनंसुद्धा दिसायला आपल्याकडची वाटायची, पुढे हा एवढा मोठा हेडलॅम्प, इंग्लंडच्या दरीत त्याचं काय काम होतं देव जाणे. एका इंजिनाला त्याचंच नाव दिलं होतं. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात जे आधी करून बघितलं ते मग इंग्लंडात आणलं, नेहमीच्या उलट. १९३४ ला ती बंद पडली, आता त्या वाटेवर लोक चालतात, सायकली चालवतात. आम्ही दोघं चालून आलो आणि मी अण्णांना फोन करून उत्साहाने हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इंजानं कुठं गेली त्यांची?" भंगारात, मी म्हणालो. "मग," म्हणाले, आणि थोडा वेळ बोलले नाहीत.

काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत. युद्धाच्या आधीच्या डब्लोंमध्ये, आणि इतरही कंपन्यांच्या त्या काळातल्या ओतीव भागांत, जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहून गेली. थोडीशीच, पण दमट हवेत तेवढ्यानेच धातूच्या कणांच्या मधून आतल्या आत गंज पसरत जातो. भाग आधी फुगतो, मग बारीक तडे, मग बोटाने दाबलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटतो. फुगल्यामुळे चासी लांब होते, ॲक्सलची भोकं सरकतात, चाकं अडकतात. यावर इलाज नाही. रंग लावून, चिकटवून, काही करून थांबत नाही. असं इंजिन विकणारे लोक वरून छान रंग मारतात, म्हणून घेताना चासीच्या कडा बघायच्या, केसासारखे तडे दिसले की हात जोडून पुढे जायचं. तसंच ट्राय-अँगच्या अगदी सुरुवातीच्या प्रिन्सेसच्या बॉड्या. तेव्हा सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिक वापरलं होतं, ते वर्षानुवर्षं आकसत, वाकत जातं. गरम पाण्यात घालून सरळ करायचे प्रयोग लोक करतात, त्यांना शुभेच्छा. मी त्या वाकलेल्या बॉडीला हात लावत नाही, खालची मोटर मात्र बघून घेतो.

चुंबक हा मधला प्रकार, म्हणजे मरत नाही पण म्हातारा होतो. ॲल्निको या मिश्रधातूचे जुने चुंबक मोटरमधून बाहेर काढले आणि मोकळे ठेवले की त्यांची ताकद आणखी कमी होते, म्हणून काढायचाच झाला तर लगेच पोलादाचा तुकडा आडवा लावून ठेवायचा. चुंबकाची ताकद उतरली की इंजिन उलट जास्त जोरात पळायला लागतं, लोक फसतात, वा काय पळतंय, पण तीन डबे जोडले की ढेपाळतं आणि मोटर हात लावू देत नाही इतकी तापते. परत चुंबकत्व भरून देणारी मशीन असते, आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबमध्ये एकाकडे आहे, तो त्याबदल्यात बिअर घेतो. काही जण निओडिमियमचा नवा छोटा चुंबक बसवतात, मीही एक-दोनदा बसवलाय, काही वाईट वाटून घेण्यासारखं नाही त्यात. इथे आमचं मराठी मंडळ गणपतीत देखावा करतं, तिथे बाप्पाभोवती माझी एक जिंटी मालाच्या उघड्या डब्यातून मोदक घेऊन फिरते, आणि पोरं तिला सुटी म्हणून देत नाहीत. त्या जिंटीला नवा चुंबक आहे. जिला काम करायचंय तिला जे लागेल ते द्यावं. तिथे कंट्रोलरही नवाच वापरतो. हे जाता जाता सांगून ठेवतो, जुन्या सेटबरोबर येणारे जुने कंट्रोलर प्लगमध्ये घालू नका, आतल्या वायरचं रबर सुकून गळालेलं असतं आणि तिथे २३० व्होल्ट आहेत. इंजिन १२ व्होल्टवर चालतं, ते तुम्हाला काही करणार नाही. तो डबा करेल.

मग प्रश्न येतो किती करायचं. क्लबमध्ये यावर दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, इंजिन मार्गेटच्या फॅक्टरीतून निघालं तसं दिसलं पाहिजे: नवा रंग, नवे नंबर, ओरिजिनल स्क्रू. दुसऱ्यांचं म्हणणं, कशालाच हात लावू नका, धूळसुद्धा इतिहास आहे. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यांनी केलेलं इंजिन सुंदर दिसतं, पण ते खेळलं गेलं होतं याची सगळी खूण पुसली जाते. दुसऱ्यांचं इंजिन चालतच नाही, आणि चालत नसलेलं खेळणं कपाटात ठेवून त्याच्याबद्दल हळवं होणं मला जमत नाही. माझा नियम साधा आहे, आणि तो कुणी मान्य करावा असा आग्रह नाही: ज्याने इंजिनाला त्रास होतो ते काढायचं, मग ते किती का जुनं असेना. ज्याने त्रास होत नाही ते ठेवायचं, मग ते किती का कुरूप असेना. एका जिंटीच्या कॅबवर कुणीतरी पांढऱ्या इनॅमलने, हात थरथरत, वेगळाच नंबर रंगवलाय, बहुतेक त्यांच्या गावातून जाणाऱ्या खऱ्या इंजिनाचा. आठ आकडा तर भोपळा झालाय. तो आहे तसाच आहे.

नियम करणं सोपं, अडतं कुठे ते सांगतो. क्लबमधले एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी मागे एक हॉर्नबी डब्लो आणून दिलं, डचेस ऑफ माँट्रोझ, १९५३ ला बाजारात आलेलं मॉडेल, तीन रुळांचं, हिरवं, हातात घेतलं की वजन जाणवतं असं. लहानपणी त्यांच्या वडिलांनी आणलेलं. मधेच थांबतं, धक्का दिला की चालतं. आधी कुणीतरी त्यांना सुचवलं होतं की दोन रुळांवर करून घ्या, चाकं बदला, म्हणजे आजच्या रुळांवर चालेल. ते त्यांना नको होतं, मलाही नको होतं, मधल्या रुळाचा तो खरखर आवाजच गेला तर राहिलं काय. पण त्यांची एक अट होती. आत एक डाग आहे, सोल्डरचा, माझ्या वडिलांनी स्वतः दिलेला, मी शेजारी उभा होतो, तो तेवढा काढू नकोस.

उघडलं तर बिघाड नेमका तोच डाग. मधल्या रुळावरून करंट उचलणारी पट्टी आणि मोटरचा कार्बन यांच्यामधल्या वायरवर राखाडी रंगाचा, सुपारीएवढा नाही पण त्याच मार्गाने निघालेला गोळा. धातू पुरेसा तापवलाच नव्हता, सोल्डर नुसतं वर बसलं होतं, आत धरलंच नव्हतं. ड्राय जॉइंट. वायर हलली की संपर्क जातो, परत हलली की येतो. साठ-सत्तर वर्षं ते इंजिन त्या डागामुळे अडखळत होतं. परत तापवून नीट करणं दोन मिनिटांचं काम होतं, आणि बाहेरून त्यांना कधी कळलंही नसतं.

केलं नाही. त्याच्या शेजारून दुसरी बारीक वायर टाकली, पट्टीपासून थेट कार्बनपर्यंत, कापडी इन्सुलेशनची, म्हणजे नजरेला खुपू नये. जुना डाग जागच्या जागी, हातही लावला नाही, फक्त आता इंजिन त्याच्यावर अवलंबून नाही. गाडी क्लबच्या तीन रुळांच्या लेआउटवर लावली, सहा डबे जोडून, एकदाही न थांबता फिरत राहिली.

आजोबा खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, बाबांचा डाग आहे ना? मी म्हटलं, आहे, तसाच आहे. मग करंट त्यातूनच जातो ना? आता खोटं बोलता आलं असतं, पण ते स्वतः आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होते. म्हटलं, थोडाफार जात असेल, पण काम आता शेजारची वायर करतेय.

ते मोठ्याने हसले. म्हणाले, मग बरोबर आहे, आमच्या घरात तसंच होतं, बाबा मधोमध बसलेले असायचे आणि सगळं काम आई करायची.